बोटाला कळतं

द्राक्षाच्या घडातला कोणता मणी ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे ठरवायला सुरगाण्याहून आमच्या बागेत येणाऱ्या मावशींना क्षणभरही थांबावं लागत नाही. डाव्या हातात घड फिरतो, उजव्या हातातली बारीक कात्री आत जाते, चार-पाच मणी खाली पडतात की पुढचा घड. तेच काम यंत्राला शिकवण्यात माझी अकरा वर्षं गेली. यंत्र अजून शिकलेलं नाही.

मी रोबोटिक्स शिकवते. माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. ज्यांनी विरळणी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड निघतात, फुलोरा होतो, मणी धरतात. मणी आधी बाजरीएवढे असतात, मग ज्वारीएवढे, मग हरभऱ्याएवढे. बागायतदार वाढ अशीच मोजतो. घडात मणी दाट राहिले तर पुढे ते एकमेकांना दाबतात, आतले पिचतात, एक फुटला की शेजारचे सडतात. निर्यातीचा मणी 18 मिलिमीटरच्या आसपास हवा, म्हणजे त्याला फुगायला जागा हवी. ती जागा हाताने करावी लागते, मणी लहान असतानाच, हजारो घडांत आणि थोड्याच दिवसांत. पेठ, सुरगाणा, कळवणकडून टोळ्या येतात. मांडवाखाली मान वर करून बाया दिवसभर उभ्या असतात. लहानपणी मला वाटायचं, शाळेत न गेलेल्या माणसालाही हे येतं, म्हणजे सोपंच असणार.

2013 च्या पावसाळ्यात पीएचडीसाठी विषय शोधत होते तेव्हा ग्रंथालयात रोबोतज्ज्ञ रॉडनी ब्रूक्स यांचा 1986 चा पेपर हाती लागला. त्याची झेरॉक्स आजही माझ्याकडे आहे, घड्यांवर फाटलेली. त्या एका पेपरामागून मी त्या माणसाच्या सगळ्या कारकिर्दीचा माग काढत गेले. आज लिहायचं आहे ते त्या कारकिर्दीबद्दल. पण ती माझ्या डोक्यात आमच्या बागेपासून वेगळी राहिलेली नाही, म्हणून दोन्ही एकत्रच येतील.

ब्रूक्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे, जन्म 1954, ॲडलेडचे. लहानपणी त्यांनी फुल्ली-गोळा खेळणारं यंत्र बनवलं होतं. पुढे ग्रे वॉल्टर यांच्या कासवांबद्दल वाचून तसंच एक स्वतः केलं आणि त्याचं नाव ठेवलं नॉर्मन. ग्रे वॉल्टर हे ब्रिस्टलमध्ये मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. 1948-49 च्या सुमारास त्यांनी दोन छोटी चाकांची यंत्रं केली होती. त्यांच्या पोटात इनमिन दोन व्हॅक्यूम ट्यूब. पण ती उजेडाकडे जायची, अडथळ्याला धडकली की वळायची आणि बॅटरी उतरली की आपल्या खुराड्यातल्या दिव्याकडे परतायची. ब्रूक्स यांच्या पुढच्या आयुष्याचं बी इथे पडलं असं मला वाटतं, पण ते रुजायला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात त्यांनी अगदी उलट वाट धरली. स्टॅनफर्डमधली त्यांची 1981 ची पीएचडी संगणकाच्या दृष्टीवर होती: वस्तूंच्या भौमितिक प्रतिकृती संगणकात ठेवायच्या आणि चित्रात त्या ओळखायच्या.

स्टॅनफर्डमध्ये त्यांच्या शेजारी हान्स मोरावेक काम करत होते. मोरावेक यांची चार चाकांची एक गाडी होती, वर एक टीव्ही कॅमेरा. कॅमेरा एका दांडीवर सरकत नऊ चित्रं घ्यायचा. संगणक त्यातून समोरच्या वस्तू किती लांब आहेत ते काढायचा, मनातल्या मनात खोलीचा नकाशा करायचा, वाट ठरवायचा आणि मग गाडी साधारण एक मीटर पुढे जायची. मग पुन्हा दहा-पंधरा मिनिटं थांबणं. 1979 मध्ये या गाडीने खुर्च्या मांडलेली एक खोली कुणाच्याही मदतीशिवाय ओलांडली, त्याला पाच तास लागले. संगणकावर गर्दी नसायची ती रात्री, म्हणून हे प्रयोग रात्री चालायचे आणि ब्रूक्स जागून मदत करायचे. गाडी उघड्यावर नेली तेव्हा आणखी पंचाईत झाली. ती विचार करत उभी असताना सूर्य सरकत होता, सावल्या हलत होत्या. गाडीच्या डोक्यातला नकाशा जुना झाला होता आणि तिला ते ठाऊकच नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी ते नुसतं वाचून सोडून दिलं. पहिल्या वर्षी बागेत ट्रॉली नेली, दोन कॅमेरे, लॅपटॉप, जनरेटर, पुढे रोबोचा हात आणि त्याच्या टोकाला कात्री. आमची पद्धत म्हणजे मोरावेक यांचीच: घडाची चित्रं घ्यायची, त्याची त्रिमितीय प्रतिकृती बांधायची, कोणते मणी काढायचे ते ठरवायचं, मग हात हलवायचा. लॅबमध्ये टांगलेल्या प्लॅस्टिकच्या घडावर हे सुंदर चालायचं. मांडवाखाली कवडसे होते. पान हललं की कवडसा हलायचा आणि कॅमेऱ्याला एका मण्याचे तीन दिसायचे. प्रतिकृती तयार व्हायला चाळीस सेकंद लागत होते, तेवढ्यात वाऱ्याने घड फिरलेला असायचा. कात्री इमानेइतबारे तिथे जायची जिथे घड मघाशी होता. एकदा तिने सगळा घडच देठातून कापला. वडील मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, घड उचलून पाटीत ठेवला.

त्या रात्री मी झेरॉक्स पुन्हा काढली.

ब्रूक्स यांची वाट बदलली ती थायलंडमध्ये. पत्नीच्या माहेरी गेले होते, नदीत खांबांवर उभं असलेलं घर. भाषा येत नव्हती, बोलायला कुणी नव्हतं. ते दिवसचे दिवस बसून किडे बघत राहिले. एवढासा किडा. लाखभर मज्जापेशी, त्याही आपल्या संगणकांच्या मानाने कितीतरी मंद. पण तो उडतो, उतरतो, खाणं शोधतो, मारायला हात उचलला की निसटतो. खोलीचा नकाशा करत तो पंधरा मिनिटं थांबत नाही. मग आपणच काहीतरी उलटं करतोय का?

हा प्रश्न आज सोपा वाटतो. त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघते तेव्हा तो मला फार अवघड वाटतो. ज्या विचारावर पदवी मिळाली, ज्यावर नोकरीसाठी अर्ज केले, तोच विचार चालत्या यंत्राच्या कामाचा नाही, असं स्वतःला सांगायचं होतं. 1984 मध्ये ते अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत रुजू झाले आणि दोन वर्षांत तो पेपर आला. फ्रान्समधल्या एका परिषदेत त्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा मागे बसलेल्या ज्येष्ठांना वाटलं होतं, हा तरुण आपलं करिअर का उधळतोय. हे त्यांनीच नंतर सांगितलं आहे.

कल्पना अशी. रोबोच्या डोक्यात एक मोठा विचारी मेंदू नको, थर हवेत. सगळ्यांत खालच्या थराला एकच माहीत: धडकू नकोस. त्याच्या वरचा थर भटकतो. त्याच्या वरचा काही दिसलं तर तिकडे जातो. प्रत्येक थर सेन्सरपासून थेट मोटरपर्यंत, मध्ये कुणाची परवानगी नाही. वरच्या थराला गरज पडली तर तो खालच्याला तेवढ्यापुरता दाबतो, पण खालचा कधी बंद पडत नाही. आणि जगाची प्रतिकृती? ती ठेवूच नका. जग समोर आहेच, हवं तेव्हा बघा. 1990 च्या एका लेखात त्यांनी हे नेमकं लिहिलं की जग हीच जगाची सगळ्यांत चांगली प्रतिकृती आहे; ती कायम ताजी असते. त्या लेखाचं शीर्षक होतं ‘हत्ती बुद्धिबळ खेळत नाहीत’.

त्यांच्या लॅबमधल्या यंत्रांपैकी मला सगळ्यांत प्रिय आहे हर्बर्ट. हा रोबो एमआयटीच्या खोल्यांत फिरून टेबलांवरचे सोड्याचे रिकामे कॅन गोळा करायचा. त्याच्यात काहीही तीन सेकंदांपेक्षा जास्त लक्षात राहत नव्हतं. चाकांचा भाग हाताला निरोप देत नव्हता की ‘आता कॅनपाशी आलो’. चाकं थांबली आहेत एवढंच हाताला कळायचं, आणि मग तो समोर चाचपायला लागायचा. बोटांमध्ये प्रकाशाची एक तिरीप होती. ती काही आड येऊन तुटली की बोटं मिटायची. बस्स. तुम्ही त्याच्या बोटांत स्वतः कॅन धरलात तरी तो पकडायचा, आणि घेऊन निघायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं की तो समजून देवाणघेवाण करतोय. प्रत्यक्षात एका भागाचं काम पुढच्या भागाला जगातच दिसत होतं.

गेंगिस नावाचा सहा पायांचा रोबो त्याच काळातला, 1989 चा पेपर आहे त्यावर. वजन एक किलो, आत 57 छोट्या छोट्या स्वयंचलित यंत्रणांची तुकडी, त्यातल्या 48 म्हणजे सहा पायांसाठी आठ-आठच्या सहा सारख्या प्रती. ‘चाल’ असा एकही भाग त्यात नाही, पण तो चालायचा, पुस्तकांच्या ढिगावर चढायचा. आता तो वॉशिंग्टनच्या हवाई आणि अवकाश संग्रहालयाकडे आहे.

मी आमचा हात पुन्हा बांधायला घेतला. प्रतिकृती काढून टाकली. टोकाला एक मऊ बोट बसवलं, त्यावर दाब मोजणारे सेन्सर. सगळ्यांत खालचा थर: दाब वाढला की मागे हो. त्यावरचा: घडाला हलका टेकून राहा, तो वाऱ्याने फिरला तर त्याच्याबरोबर फिर. त्यावरचा: बोट जिथे आत शिरत नाही तिथे दाटी आहे, तिथे कात्री ने. पहिल्यांदा हे बोट झुलणाऱ्या घडाबरोबर झुललं तेव्हा मी मांडवाखाली मटकन खाली बसले. आनंदानेच. वाऱ्याचं गणित कुठेच लिहिलेलं नव्हतं. घड स्वतःच सांगत होता तो कुठे आहे ते.

प्रगती आढाव्याच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारलं, यात गणित कुठे आहे? मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, आणि त्या प्रश्नाने माझं एक वर्ष खाल्लं. आज मी म्हणेन की गणित घडाच्या देठात आहे, वजनात आहे, मण्यांच्या दाटीत आहे. ते लॅपटॉपमध्ये पुन्हा लिहून काढायची गरज नाही एवढंच मला दाखवायचं होतं.

ब्रूक्स यांच्याकडून सगळंच घ्यावं असं मात्र मला वाटत नाही. 1993 मध्ये त्यांनी कॉग नावाचा माणसासारखा रोबो बांधायला घेतला, किड्यावरून थेट माणसाकडे उडी. त्या कामाच्या वाटेवर सिंथिया ब्रझील यांचा किस्मेट आला, चेहऱ्याने प्रतिसाद देणारा, आणि तो खरोखर महत्त्वाचा आहे. पण थरावर थर चढवत गेलं की शेवटी माणसाची समज उगवेल, असं घडलं नाही. दुसरं, दृष्टीचं काम वेगळ्याच लोकांनी पुढे नेलं. 2012 नंतर न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीने, चित्रं ओळखण्याची रीतच बदलली. माझ्या एका विद्यार्थिनीने 2018 मध्ये हजारो घडांचे फोटो हाताने खुणा करून एका नेटवर्कला शिकवले. ज्या मणीमोजणीवर मी चार वर्षं घालवली होती ती काही आठवड्यांत माझ्यापेक्षा चांगली झाली, कवडशांसकट. मला वाईट वाटलं का? हो, दोन दिवस. मग मी तिला म्हटलं, हा तुझा प्रबंध. डोळ्याचा प्रश्न आता तुझा, माझ्याकडे बोटाचा राहू दे.

ब्रूक्स यांच्या कारकिर्दीचा दुसरा अर्धा भाग लॅबबाहेरचा आहे. 1990 मध्ये कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर या आपल्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी कंपनी काढली. ती पुढे आयरोबॉट झाली. केर काढणारा रूम्बा आला 2002 मध्ये, म्हणजे मधली बारा वर्षं. त्याच वर्षी त्यांचे पॅकबॉट नावाचे रोबो अफगाणिस्तानात गुहा तपासत होते, आणि 2011 च्या एप्रिलमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या इमारतींत माणसाला जाता येत नव्हतं तिथे तेच आत गेले. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेचं संचालकपदही याच काळात त्यांच्याकडे होतं. मग रीथिंक ही कंपनी, तिचा 2012 चा बॅक्स्टर: दोन हातांचा, पडद्यावर डोळे असलेला, हात ज्या दिशेला जाणार तिकडे आधी नजर टाकणारा, म्हणजे शेजारी उभ्या माणसाला अंदाज येतो. त्याला शिकवायला प्रोग्रामर लागत नव्हता. कामगाराने त्याचं मनगट धरायचं आणि करून दाखवायचं. ही कंपनी 2018 मध्ये बंद पडली. मला ते बंद पडणं आजही सलतं, कारण मनगट धरून शिकवणं ही कल्पना मला त्यांच्या कुठल्याही पेपराएवढी मोठी वाटते. सुतारकाम असंच शिकवतात, पाटीवर पहिला ‘ग’ असाच गिरवून घेतात.

त्याच वर्षी, 1 जानेवारी 2018 ला, त्यांनी चालकरहित गाड्या, रोबो आणि अंतराळप्रवास यांबद्दलची भाकितं तारखांसकट जाहीर केली, आणि दर वर्षी 1 जानेवारीला त्यांचा हिशेब मांडायचा असं ठरवलं, 2050 पर्यंत. ते आता सत्तरी ओलांडलेले आहेत. दर वर्षी कोणतं बरोबर आलं, कोणतं चुकलं, ते सगळ्यांसमोर लिहितात. आमच्या क्षेत्रात दर सहा महिन्यांनी कुणीतरी जग बदलल्याची घोषणा करतं. तिथे हा हिशेब मला संशोधनाचाच भाग वाटतो.

2025 च्या सप्टेंबरच्या सुमारास त्यांनी माणसासारख्या रोबोंच्या हातांबद्दल लिहिलं. नुसते व्हिडिओ दाखवून रोबोच्या हातात कौशल्य येणार नाही, कारण व्हिडिओत स्पर्श नसतो. माणसाच्या तळव्याच्या आणि बोटांच्या आतल्या बाजूला स्पर्श टिपणारे सुमारे 17,000 संवेदक आहेत. स्वीडनमधल्या रोलंड योहान्सन यांच्या प्रयोगात काडेपेटीची काडी ओढायला सांगितलं, आणि मग बोटांची टोकं बधिर करून तेच पुन्हा करायला लावलं. डोळे तेच, स्नायू तेच. वेळ चौपट लागला.

हे मी वाचलं आणि मला मावशींचा हातमोजा आठवला.

आमच्या तिसऱ्या हंगामात मी दाबाचे सेन्सर शिवलेले पातळ मोजे करून आणले होते. मावशी घालतील, आम्हाला त्यांच्या बोटांचा दाब कळेल. त्यांनी घातला, पाच मिनिटांत काढला. म्हणाल्या, “ताई, यात हात गेला का काही कळत नाही बघ. तू कशाला मला आंधळी करती?” मी म्हटलं, मावशी, तुम्ही तर मण्यांकडे बघूनच कापता ना. त्या हसल्या. “बाहेरचे बघून. आतले कुठं दिसत्यात? बोटाला कळतं.” मग त्यांनी माझं बोट धरून घडात घातलं. पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. पंधरा-वीस घडांनंतर कळायला लागलं की दाट पाकळी, म्हणजे घडाचा छोटा फाटा, बोटाला ढकलते आणि मोकळी पाकळी त्याला वाट देते. आमच्या रोबोचा तिसरा थर तिथून आला. ब्रूक्स यांच्या पेपरातून थर कसे रचायचे ते मिळालं. थरात काय ठेवायचं ते मावशींनी सांगितलं.

माझा प्रबंध 2019 मध्ये झाला. आभाराच्या पानावर गाईड आहेत, विभागप्रमुख आहेत, आईवडील आहेत, ‘बागेतील मजूर भगिनी’ असे तीन शब्द आहेत. ते तीन शब्द लिहिताना मला काही खटकलं नव्हतं. आता ते पान उघडवत नाही.

या हंगामात आम्ही मोजा सोडून दिला. बोटाने काही दाबलं की नखाखालचा रंग आणि नखाचा ताण बदलतो, म्हणून सेन्सर नखावर चिकटवायचा, म्हणजे बोटाची पुढची बाजू मोकळी. मावशींना हे पटलं. त्या काम करत होत्या, विद्यार्थिनी लॅपटॉपवर रेघा बघत होती. मग मी रोबोचा हात जवळ आणला, मोटरी सैल सोडल्या आणि मावशींना त्याचं मनगट धरायला सांगितलं. त्यांनी आधी पदराला हात पुसला. ते मऊ बोट घडात नेलं, थोडं फिरवलं, बाहेर काढलं. दुसऱ्या घडात नेलं. दहा-बारा घडांनंतर त्या त्याच्याशी बोलायला लागल्या, जशा नव्या पोरीशी बोलतात: इथं नको, देठाला लागतंय, हां, इथं, सोड आता.

जेवायच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, “हे शिकलं म्हणजे आम्हाला बोलवायचं बंद का?”

मी त्यांना खोटं सांगितलं नाही. म्हटलं, माझ्या हयातीत हे तुमच्याइतकं करील असं मला वाटत नाही, पण ते तसं करावं म्हणूनच मी राबतेय, आणि झालं तर बागायतदार काय करतील ते माझ्या हातात नाही. त्या भाकरी खात राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, मान लई दुखती पण. पोरीला मी नाही लावणार याच्यात. मग दोघीही गप्प बसलो. ब्रूक्स यांच्या रूम्बाने कुणाचं काम घेतलं, बॅक्स्टर टिकला असता तर कुणाचं घेतलं असतं, यावर मी वर्गात तास घेतलेले आहेत. मांडवाखाली त्यातलं एकही वाक्य मला वापरता आलं नाही.

पेपर आता पाठवायचा आहे. लेखकांच्या यादीत विद्यार्थिनीचं नाव पहिलं, मावशींचं दुसरं, माझं शेवटी. सहकाऱ्यांपैकी एकाने विचारलं, असं चालतं का? नियमात लिहिलंय की ज्याने कामात बौद्धिक भर घातली तो लेखक. मी नियम दोनदा वाचला. अर्जात प्रत्येक लेखकापुढे एक चौकट असते, संस्था. तिथे काय लिहायचं म्हणून मी मावशींना फोन लावला, त्यांच्या मुलाने दिला. त्यांना मी समजावून सांगितलं, तुम्ही कुठल्या ते लिहायचंय.

“सुरगाणा लिही,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “नाही, सुरगाणा लई मोठं हाय. आमच्या पाड्याचं नाव लिही.”